पिकअपचं तोंड उसळतंय? शॉकअप बदलण्याआधी एवढं तपासा

(ग्रामीण वार्ताहर)

टोमॅटोची तोडणी सुरू झाली की आमच्या भागातल्या जुन्या पिकअपांना उसंत नसते. सकाळी तोडणी, दुपारी क्रेट भरायचे आणि वेळेत पिंपळगाव बसवंतचं मार्केट गाठायचं. गाडी १०-१२ वर्षांची असते, कर्ज फिटलेलं असतं, म्हणून ती विकायची नसते. कुठं काही खटखटलं तर "सीझन संपला की बघू" असं म्हणून आपण पुढं रेटतो.

मागच्या सीझनला मीही तसंच रेटलं. गाडीचं तोंड उसळत होतं. ब्रेकर गेला की पुढचा भाग दोन-तीनदा वर-खाली व्हायचा. सवय झाली होती. एक दिवस उमराण्याकडून चांदवडला जाताना राहुड घाटाच्या चढाला रस्त्याचा एक पॅच उखडलेला होता. वेग फार नव्हता, ३५-४० असेल. पुढची चाकं त्या पॅचवर उसळली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. हातात काही आहे असं वाटेनाच. गाडी सरकत शेजारच्या लेनकडे गेली. तिथं कंटेनर होता. त्यानं हॉर्न मारून गाडी दाबली म्हणून वाचलो. शेजारी माझा मुलगा बसला होता.

सर्वात वाईट म्हणजे, आठ महिन्यांपूर्वीच मी पुढचे दोन्ही शॉकअप नवे टाकले होते. मजुरी धरून साडेचार हजार गेले होते. मग गाडी उसळत का होती? ते शोधताना जे शिकलो ते इथं देतोय. तुमची गाडी कोणत्याही कंपनीची असो, तपासायची पद्धत तीच आहे.

स्प्रिंग उसळवते, शॉकअप थांबवतो

बरेच जण समजतात की गाडीचं वजन शॉकअप पेलतो. तसं नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. काही पिकअपला पुढे पाटे असतात, काहींना गोल कॉइल स्प्रिंग, तर काहींना टॉर्शन बार म्हणजे पिळ खाणारी लांब सळई. खाली वाकून बघा, लगेच कळेल. काम तिघांचं एकच. खड्डा आला की दबायचं आणि परत उसळायचं.

पण स्प्रिंग एकदा दबली की नुसती एकदा वर येऊन थांबत नाही. झोपाळ्यासारखी ती वर-खाली होत राहते. ते थांबवायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि आत बारीक भोकांचा पिस्टन असतो. चाक वर-खाली झालं की पिस्टनला त्या तेलातून वाट काढावी लागते. तेल सहजासहजी जाऊ देत नाही, म्हणून उसळी मरते. ती सगळी ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणूनच खराब रस्त्यानं आल्यावर चांगला शॉकअप हाताला कोमट-गरम लागतो.

म्हणजे गाडी उसळते तेव्हा तीन शक्यता असतात. एक, शॉकअप मेलाय. दोन, शॉकअप चांगला आहे पण त्याला काम करायला जागाच नाही. तीन, उसळी स्प्रिंगमधून येतच नाही, ती टायरमधून किंवा भरलेल्या मालामुळं येतेय. आपण पहिल्याच शक्यतेवर पैसे घालतो. माझं तेच झालं.

उसळणं कोणतं आहे ते आधी ओळखा

गॅरेजला जाऊन नुसतं "गाडी उसळते" म्हटलं तर मिस्तरी शॉकअपच बदलणार. म्हणून आधी एक-दोन दिवस गाडी कशी वागते त्याकडे नीट लक्ष द्या.

ब्रेकर किंवा खड्डा गेल्यावर तोंड सावकाश दोन-तीन वेळा डुलत असेल, ब्रेक मारल्यावर नाक खाली जात असेल, तर संशय शॉकअपवर.

प्रत्येक बारीक खड्ड्याला टणटण दणका बसत असेल, गाडी दगडासारखी कडक वाटत असेल, तर संशय हवेवर, जादा पाट्यावर किंवा जाम झालेल्या शॅकलवर. यात स्प्रिंग काम करत नाही आणि नुसतं टायर चेंडूसारखं उडतं.

सपाट डांबरी रस्त्यावर ठरावीक वेगालाच, समजा ६०-७० ला, थरथर सुरू होत असेल आणि वेग कमी-जास्त केला की जात असेल, तर ते चाकाचं दुखणं आहे. बॅलन्सिंग गेलेलं असतं, रिम वाकलेली असते किंवा टायरला फुगा आलेला असतो. शॉकअपचा त्यात फारसा दोष नाही.

स्टिअरिंग उजवी-डावीकडे फडफडत असेल तर ते उसळणं नव्हेच. टायरॉड एंड, बॉल जॉइंट किंवा किंगपिन, व्हील बेअरिंग हे बघावं लागेल. तो वेगळा विषय आहे, पण धोका जास्त. त्यात थांबू नका.

गाडी रिकामी असताना ठीक आणि माल भरल्यावरच तोंड उसळत असेल, तर पुढचं भाराचं प्रकरण नीट वाचा.

मोबाइलवर व्हिडिओ काढा

प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्याचा उपयोग करा. मुलाला किंवा शेजाऱ्याला गावातल्या ब्रेकरजवळ, रस्त्यापासून लांब बाजूला उभं करा. १५-२० च्या वेगानं ब्रेकरवरून गाडी काढा. त्यानं बाजूनं पुढच्या चाकाचा व्हिडिओ स्लो मोशनमध्ये काढायचा. वाहतूक नसताना करा, आणि ड्रायव्हरनं स्वतः मोबाइल हातात घ्यायचा नाही.

मग व्हिडिओ बघा. ब्रेकर गेल्यावर गाडीचं अंग किती वेळा वर-खाली झालं ते मोजा. एकदा वर, एकदा खाली आणि शांत, म्हणजे ठीक. तीन-चार वेळा डोललं तर उसळी थांबवणारं कोणी नाही. अंग शांत आहे पण चाकच फडफडत जमिनीवर आपटतंय, तर टायरची हवा आणि स्प्रिंगचा जामपणा बघा. तोंड वर गेल्यावर एकदम 'खट' करून झटका बसतोय का तेही ऐका. माझ्या गाडीत नेमका हाच आवाज होता आणि मी आठ महिने तो ऐकून सोडून दिला होता.

पैसे न लागणारी तपासणी आधी

पहिली हवा. पंक्चरवाल्याकडे गेलो की "चारही चाकं मार" म्हणून सांगतो. तो चारही चाकांत सारखीच हवा भरतो, तीही मागच्या चाकांच्या हिशोबानं. मालगाडीत मागची हवा जास्त लागते, पुढची कमी. किती ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. हवा टायर थंड असताना मोजायची, १०-१५ किलोमीटर पळवून आल्यावर नाही, कारण गरम टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. पुढं हवा जास्त असेल तर टायर दबतच नाही आणि गाडी टणाटण उडते. स्वतःचा हवा मोजायचा गेज घ्या. एका क्रेटच्या आसपास त्याची किंमत, पण टायर वाचवतो.

दुसरं टायर. चाकाच्या गोट्यांवरून, म्हणजे नक्षीवरून, तळहात फिरवा. सावकाश, कारण तार बाहेर आली असेल तर हात कापतो. थोड्या थोड्या अंतरावर खळगे आणि उंचवटे लागत असतील, तर ते चाक बऱ्याच दिवसांपासून रस्त्यावर आपटत चाललंय. हे शॉकअप गेल्याचं जुनं लक्षण आहे. पण लक्षात घ्या, एकदा टायर असं खाल्लं की नवा शॉकअप टाकूनही आवाज आणि थरथर राहते. लोक म्हणतात नवा शॉकअप खराब निघाला. खराब टायर असतं.

तिसरी गाडीची उंची. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा. टेपनं पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. डावी-उजवी दोन-तीन सेंटीमीटरनं कमी-जास्त असेल तर त्या बाजूचा पाटा बसलाय किंवा तुटलाय, किंवा स्प्रिंग खचलीय.

गाडी उलाळ झालीय का?

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. मागं जास्त ओझं झालं की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून उचलतं, बैलाला गाडी आवरत नाही. म्हणून आपले वडील ओझं आसाच्या पुढं-मागं तोलून भरायचे. पिकअपला बैल नाहीत, पण आस आहे आणि नियम तोच आहे.

हिशोब साधा आहे. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर आहे. मागच्या आसाच्या १ मीटर मागं तुम्ही १० क्रेट ठेवले, एका क्रेटचे २० किलो धरले तर २०० किलो. हे २०० किलो मागच्या चाकांवर तर पडतातच, वर पुढच्या चाकांवरचं जवळजवळ ६७ किलो वजन उचलून घेतात. फाळका आडवा टाकून त्यावर थर लावले तर अंतर आणखी वाढतं आणि पुढचं चाक आणखी हलकं होतं. चढाला तर भार आपोआप मागं सरकतो.

हलकं चाक खड्ड्यातून उडालं की जमिनीवर यायला वेळ लागतो. जितका वेळ ते हवेत, तितका वेळ स्टिअरिंगही नाही आणि पुढचा ब्रेकही नाही. घाटात स्टिअरिंग रिकामं का लागलं ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय.

म्हणून जड माल केबिनच्या पाठीला चिकटवून भरायला सुरुवात करा. मागं जागा उरली तर उरू द्या. फाळक्यावर माल नको. आणि ओव्हरलोड तर नकोच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. एका खेपेचं भाडं किती आणि दंड किती, तुम्हीच बघा.

आता गाडीखाली

आधी जिवाचं बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक ओढा, चेसीखाली पक्का स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा. विटा लावू नका, वीट कधी फुटेल सांगता येत नाही. खालच्या बऱ्याच गोष्टी गाडी न उचलता, बॅटरीच्या उजेडात वाकूनही दिसतात.

पाटे असतील तर एकेक पाटा बघा. चीर कुठं आहे का, गंजाची ताजी तांबडी रेघ आहे का. चीर गेलेल्या ठिकाणी पाटे घासून अशी रेघ येते. पाटे मधून सरकलेत का ते बघा. मधला सेंटर बोल्ट तुटला तर आस पुढं-मागं सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्टाचे नट घट्ट आहेत का बघा. पाट्यांचं काम केल्यावर काही शे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. बहुतेक ठिकाणी काम झालं की गाडी पुन्हा जातच नाही आणि ते ढिले राहतात.

पाट्याच्या एका टोकाला शॅकल असतो, म्हणजे हलणारी कडी. पाटा दबला की तो लांब होतो, त्याला सरकायला ही कडी लागते. ग्रीस न मारल्यानं ती गंजून जाम होते. मग पाटा असूनही नसल्यासारखा. वर्षानुवर्षं चिखलात चालणाऱ्या आपल्या गाड्यांत हे फार. ग्रीस निपल असेल तर ग्रीस मारा, नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत.

बुश फाटलेत का, शॉकअपच्या दोन्ही टोकांचे रबर जागेवर आहेत का, बोल्ट ढिले आहेत का ते हातानं हलवून बघा. बोल्ट ढिला असेल तर चांगला शॉकअपही निम्मंच काम करतो. आसाच्या वर चेसीला लावलेला बंपर रबर आहे का बघा. तो पडला असेल तर मोठ्या खड्ड्याला लोखंडावर लोखंड आपटतं.

कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बारवाली गाडी असेल तर नुसतं बघा, खोलू नका. त्यात प्रचंड ताण साठलेला असतो, बोल्ट सुटला तर हाड मोडेल इतक्या जोरानं भाग उडतो. ते काम अवजारं असलेल्या मिस्तरीचंच.

शॉकअप खरंच गेलाय का?

सगळ्यांना माहीत असलेली तपासणी म्हणजे बंपर दाबून सोडायचा. कारला ती चालते. पाट्यांच्या पिकअपला ती फसवते, हे ध्यानात ठेवा. पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घासणंच उसळी थांबवतं. त्यामुळं शॉकअप पूर्ण मेला असला तरी उभी गाडी दोन माणसांनी दाबून काही कळत नाही. "दाबून बघितलं, चांगलाय" असं कोणी म्हटलं तर पाट्यांच्या गाडीत त्यावर जाऊ नका.

तेल बघा. शॉकअपवर धूळ चिकटून थोडा ओलसरपणा असेल तर घाबरायचं कारण नाही. पण ओघळ खाली आलेला असेल, तेल थेंब थेंब गळत असेल तर सील गेलं.

गरम-थंड बघा. खराब रस्त्यावर १०-१५ मिनिटं चालवून या. लगेच चारही शॉकअपना हाताच्या मागच्या बाजूनं हळूच स्पर्श करा. सायलेन्सरला हात लागू देऊ नका. सगळे कोमट आणि एक थंड असेल, तर तो थंड शॉकअप काम करत नाही.

पक्की तपासणी पाट्यांच्या गाडीत करता येते. शॉकअप काढून उभा धरा, चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करा म्हणजे आतली हवा निघते. मग सावकाश ओढा आणि दाबा. सगळ्या लांबीत सारखा जोर लागला पाहिजे. ओढताना सहसा जास्त जोर लागतो, ते बरोबर आहे. मध्येच रिकामं लागलं, खडखडलं, किंवा सायकलच्या पंपासारखं हलकं गेलं तर तो गेला. गॅसवाला शॉकअप दाबून सोडला की आपोआप बाहेर येतो.

बदलायचा तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला ओढते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा घेताना लांबी जुळवा. पूर्ण दाबून आणि पूर्ण उघडून, दोन्ही वेळा जुना-नवा शेजारी धरून बघा. पक्कं बिल मागा. "हाच बसतो" एवढ्यावर घेऊ नका. बोल्ट बसला म्हणजे शॉकअप बसला असं होत नाही.

माझ्या गाडीत काय निघालं

घाटातल्या प्रसंगानंतर मी मालेगावच्या बाजूला पाट्यांचंच काम करणाऱ्या एका जुन्या मिस्तरीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी म्हटलं, "चाचा, शॉकअप परत बदला, खराब निघाले." त्यांनी शॉकअपला हातच लावला नाही. आधी गाडीच्या बाजूला उभं राहून लांबून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, गाडीचं नाक वर का?"

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी गाडी एका बाजूनं बसली होती. तेव्हा एका गॅरेजमध्ये "एक पाटा वाढवून देतो, परत बसणार नाही" म्हणाले. मी खूश झालो. पुढं दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला. त्यानं तोंड वर उचललं गेलं. गाडी रिकामी उभी असताना शॉकअप इतका ताणला गेला होता की पूर्ण उघडायला जेमतेम दोन बोटं जागा उरली होती. चाचांनी टेप लावून दाखवलं.

त्यावर मी माल मागं भरत होतो, म्हणजे तोंड आणखी वर. आता दोन बोटंही राहिली नाहीत. चाक खड्ड्यात खाली जायला बघायचं आणि शॉकअप आधीच शेवटाला. तिथं बसायचा तो 'खट'. खड्ड्याखड्ड्याला असा झटका बसून नव्या शॉकअपच्या आतली पिस्टनची जागा खिळखिळी झाली. एकाचं सील गेलं होतं. वर पंक्चरवाल्यानं पुढंही मागच्याएवढीच हवा मारलेली.

चाचा म्हणाले, "शॉकअप मेला नाही भाऊ, तुम्ही मारला."

जादा पाटे काढले तर खालच्या तिसऱ्या पाट्याला डाव्या बाजूला चीर सापडली. गाडी मुळात बसली ती त्या चिरेमुळं. ती दोन वर्षांपूर्वी कोणी शोधली असती तर एका पाट्यात काम होतं. आता चिरलेला पाटा बदलला, बाकीच्या पाट्यांना कमान देऊन घेतली, शॅकलचे बुश आणि दोन्ही शॉकअप परत नवे टाकले, अलाइनमेंट करून घेतलं. हवा स्टिकरप्रमाणं. दुसऱ्यांदा खर्च झाला तो झालाच, पण आता ब्रेकर गेला की तोंड एकदा दबतं, एकदा उठतं आणि बसतं.

टॉर्शन बारच्या गाडीतही हाच रोग वेगळ्या वाटेनं येतो. तिथं बोल्ट आवळून तोंड वर करून देतात. बाहेरून गाडी उंच, रुबाबदार दिसते. आत शॉकअप ताणलेला असतो. कोणी "नाक उचलून देतो" म्हटलं तर आधी विचारा, ते बसलं कशामुळं?

गॅरेजला जाताना

गाडी टाकताना एवढं सांगा: कधी उसळते, रिकामी की भरलेली, कोणत्या वेगाला, कोणत्या बाजूला, आवाज येतो का. व्हिडिओ दाखवा. याआधी पाटा वाढवलाय का, उंची बदललीय का, टायरची मापं बदललीत का हेही सांगा. लाजू नका. चांगला मिस्तरी यावर राग धरत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. काढलेले जुने भाग दाखवायला सांगा.

कामानंतर त्याच ब्रेकरवरून परत व्हिडिओ काढा आणि पहिल्याशी ताडून बघा. तुमच्या पैशाचं काय झालं ते तिथं दिसतं.

८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. तेव्हा आपण गाडी धुऊन, रंगवून, पट्ट्या चिकटवून नेतो. त्याच आठवड्यात अर्धा दिवस काढून वरची तपासणी करून घेतली तर वर्षभराची काळजी मिटते.

थोडक्यात क्रम असा

१. पुढच्या टायरची हवा, थंड असताना, स्टिकरप्रमाणं.
२. टायरवर हात फिरवून खळगे, फुगा, कट.
३. माल कुठं भरता ते बघा. जड माल केबिनला लावून.
४. दोन्ही बाजूंची उंची टेपनं.
५. पाटे, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, शॅकल, बुश, बंपर रबर.
६. शॉकअपला दोन्हीकडे हलायला जागा आहे का.
७. मग शॉकअप गळतोय का, थंड आहे का, हातानं ओढून कसा लागतो.

यातल्या पहिल्या चार गोष्टींना रुपया लागत नाही. सातव्यापासून सुरुवात केली की माझ्यासारखं दोनदा पैसे भरावे लागतात.

आपल्या पिकअपमध्ये क्रेट असतात तसे माणसंही असतात. मजूर बायका परत येताना त्याच हौद्यात बसतात, पोरं शाळेला सोडायला हात करतात. हे बरोबर नाही, पण गावागावांत चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. निदान पुढचं चाक तरी जमिनीला टेकलेलं असू द्या. सीझन सुरू व्हायच्या आत एखाद्या दुपारी टेप, गेज आणि बॅटरी घेऊन गाडीजवळ बसा. आणि शेजारच्याच्या गाडीचं तोंड डुलताना दिसलं तर त्यालाही सांगा.